रांगेतला भोंगा

किल्लारीच्या जीप स्टँडवर कडुनिंबाखाली रोज सकाळी वस्तूंची एक रांग लागते. नव्या माणसाला वाटावं, कुणी भंगार विकायला मांडलंय. पितळी कुलूप, कान तुटलेला कप, एका पायातली चप्पल, गिअरची झिजलेली मूठ. पण यातली एकेक वस्तू म्हणजे एकेक जीप. ज्याची वस्तू पुढं, त्याची गाडी लातूरला आधी भरायची. गाडीवाला जेवायला जावो, पंक्चर काढायला जावो, वस्तू त्याची जागा धरून बसते. स्टँडवर भांडणं होतात, आयाबहिणींचा उद्धार होतो, गचांड्या धरल्या जातात. पण दुसऱ्याची वस्तू कुणी मागं सारत नाही.

त्यातली गिअरची मूठ माणिकप्पाची.

माणिकप्पानं पन्नाशी ओलांडली आहे. अंगानं सुकडा, कपाळावर भस्माची तीन बोटं, खिशात दोरा बांधलेला चष्मा. जीप भरेपर्यंत बाकीचे मोबाईल बघत नाहीतर झोप काढत. माणिकप्पा वाचत असे. पुडीचा कागद, साखर कारखान्याचा अहवाल, लग्नपत्रिका, जे हाती लागेल ते. शाळा सुटली ती गणितामुळं. वाचनाशी त्याचं कधी वाकडं नव्हतं.

त्याच कडुनिंबाच्या एका फांदीला प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तू टांगतात. छत्री, डबा, लेकराची टोपी. ज्याची त्यानं येऊन न्यावी. काही वर्षांपूर्वी अशीच एक कापडी पिशवी लटकत राहिली. उन्हाळा सरला तरी तिला धनी मिळेना. शेवटी माणिकप्पानं ती उतरवली. आत एक पुस्तक होतं. मुखपृष्ठ आणि पहिली काही पानं गेलेली, त्यामुळं पुस्तकाचं नाव काय, मराठीत कुणी आणलं, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. अमेदेओ फोर्नारी नावाच्या कुणा इटलीच्या अराजकवाद्याचं ते चरित्र होतं, आणि मागच्या अर्ध्यात त्याचे लेख.

“अराजकवादी?” अजहरनं विचारलं. पितळी कुलूप अजहरचं. तो माणिकप्पाच्याच वयाचा, आणि जीभ चालवल्याशिवाय त्याचा घास उतरत नसे. “म्हंजे जाळपोळवाला ना? अप्पा, पोलिसांनी बघितलं तर गाडीसगट उचलतील तुला.”

“म्या बी तेच समजून उघडलं,” माणिकप्पा म्हणाला. “पण ह्यो तर आपल्यातलाच निघाला. गाडीवान.”

खरोखर गाडीवानच. अमेदेओचं गाव संगमरवराच्या खाणींचं. बाप बैलांच्या गाडीवरून डोंगरातला दगड खाली आणायचा आणि एके दिवशी त्याच दगडाखाली सापडला. पोरानं कासरा हातात घेतला. पुढं खाणवाल्यांच्या संपात तुरुंगात गेला, तिथं अक्षर ओळखायला शिकला, आणि बाहेर आला तो लिहीतच. मग देश सोडावा लागला. समुद्रापलीकडं गोदीत हमाली केली, परक्या शहरात दिवे दुरुस्त केले, दुसऱ्याच्या नावानं परत आला. जिथं जाई तिथं कामगार म्हणत, आमचा पुढारी हो. तो म्हणे, काम सांगा, खुर्ची सांगू नका.

त्याचं म्हणणं एवढंच होतं की माणसाला माणसावर हुकूम चालवण्याची गरज नाही. चार माणसं गरजेपोटी एकत्र आली की आपापसात रीत पाडतात आणि ती पाळतातही. हे तो मोठ्या शब्दांत लिहीत नसे. त्याच्या लेखांत एक गाडीवान आणि एक न्हावी बोलत बसलेले असत. न्हावी विचारी, “मालक नको, सरकार नको, मग संध्याकाळी गल्लीतला दिवा कोण लावणार?” गाडीवान म्हणे, “तुझ्या दुकानातला कोण लावतो?” “मी.” “तुला हुकूम कोण देतं?” न्हावी वस्तरा थांबवून विचार करी आणि म्हणे, “अंधार.”

हे वाक्य स्टँडवर सगळ्यांना पाठ झालं. रस्त्यात खड्डा बुजवायचा असो की बंद पडलेली गाडी ढकलायची असो, कुणीतरी ओरडे, “अंधार झाला रे!” अमेदेओ हे नाव जिभेवर बसेना म्हणून त्याचा अमदेवप्पा झाला. माणिकप्पाची बायको शिवकांता हिला त्याच्या म्हातारपणाची गोष्ट आवडे. हुकूमशहाच्या काळात त्याच्या दाराशी दोन पोलीस बसवलेले होते. कडाक्याच्या थंडीत म्हातारा आपल्या घरातल्या दोन्ही खुर्च्या त्यांना नेऊन देई आणि स्वतः खाटेवर बसून लिही. “पोलिसाला खुर्ची देणारा माणूस,” ती म्हणे, “आन् तुमी मला पाट बी देत न्हाईत.”

माणिकप्पा मात्र एका प्रकरणापाशी पुन्हापुन्हा येऊन थांबे. अमेदेओच्या देशात समुद्रकाठी एक शहर भूकंपात पडलं होतं. आगगाड्या बंद, अधिकारी पोचलेले नाहीत. तो काही गाडीवानांना घेऊन पायी तिथं गेला, आणि पहिल्या दिवसांत लोकांनी कुणी न सांगता काय काय केलं ते त्यानं लिहून ठेवलं. कुणी भिजलेल्या पिठाच्या भाकरी थापल्या, कुणी दारांच्या फळ्यांवरून जखमी वाहिले. माणिकप्पाला ते वाचताना पानावरची अक्षरं दिसत नसत. त्याला जुनी किल्लारी दिसे.

त्र्याण्णव साली तो ऐन विशीतला होता. भूकंपाच्या पहाटे त्याची आई आणि धाकटा भाऊ घराच्या दगडमातीखाली गेले. लष्कर आलं, मदत आली, पण ती नंतर. त्याआधी, दिवस उजाडताना, औशाकडून एक जीप भोंगा वाजवत आली. गाडीत तिशीतला एक अनोळखी माणूस. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. जखमींना भरून तो लातूरला गेला आणि परत आला. त्याच्या मागं आणखी जीपा आल्या. गाड्या रांगेत लावून गाडीवाले ढिगारे उपसायला उतरत, आणि पुढची खेप कुणाची ते कळावं म्हणून रस्त्याच्या कडेला आपली एकेक वस्तू ठेवून जात. वस्तू रांगेत, माणूस ढिगाऱ्यात. त्या माणसानं गाडीचा रबरी भोंगाच काढून ठेवला होता. माणिकप्पाच्या आईला ज्यांनी बाहेर काढलं, त्यांत तो होता. ती वाचली नाही.

त्याचं नाव सरदार. नवी किल्लारी वसली तेव्हा बायकोला, म्हणजे हुस्नाभाभीला, घेऊन तो इथंच राहिला, नव्या स्टँडवर कडुनिंबाचं रोप त्यानंच लावलं, आणि वस्तूंची रांगही त्या रोपाशेजारी येऊन बसली. माणिकप्पाला स्टिअरिंग धरायला शिकवलं तेही सरदारभाईनंच.

अलीकडं सरदारभाईचा पाय साखरेच्या आजारानं गुडघ्याखाली काढावा लागला. जीप विकली गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा रांगेत होता. कुणी ठेवला, कुणी विचारलं नाही. भोंग्याचा नंबर आला की त्याच्यामागं ज्याची वस्तू असेल तो आपली जीप भरायचा, लातूरची खेप करायचा, आणि त्या खेपेचं जे येईल ते सरदारभाईच्या घरी देऊन यायचा. मग आपला नंबर. असं चाललं होतं.

पुढं एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि जीपा भरेनाशा झाल्या. एकेक गाडी तासन् तास उभी राहू लागली. भोंग्याच्या मागं वस्तू आली की कुणाला नेमकं त्याच वेळी घरचं काम निघू लागलं. आणि एक दिवस नव्या गाडीवाल्या संगमेश्वरनं भोंगा ओलांडून आपली गाडी भरली आणि तो निघून गेला.

परतला तेव्हा सगळे कडुनिंबाखाली उभे होते.

“संग्या, डोळे फुटले का तुझे?” अजहर म्हणाला. “भोंगा दिसला न्हाई?”

“दिसला की. गाडी न्हाई, माणूस न्हाई, आन् नंबर कशाचा?” संगमेश्वर तरणा होता, पण उर्मट नव्हता. “म्या चालवत न्हाई म्हणलो का कधी? आजवर गुमान चालवला. पण तुमी काय करायलाव? भोंग्यामागं नंबर आला की अजहरचाचाची म्हैस बरी आजारी पडती!”

कुणी हसलं. कारण ते खरं होतं.

“एक तर बंद करा,” संगमेश्वर म्हणाला, “न्हाईतर नियम करा. आन् नियम करायचा तर अध्यक्ष पायजे. माणिककाकानं व्हावं. दुसऱ्या कुणाचं म्या ऐकणार न्हाई.”

सगळ्यांनी माना हलवल्या. माणिकप्पा म्हणाला, “इचार करू द्या.”

घरी येऊन त्यानं पुस्तक उघडलं. भूकंपाच्या त्याच प्रकरणाच्या शेवटी एक प्रसंग होता. शहरात पिठाचं एक कोठार शाबूत राहिलं होतं. त्यावरून कुरबूर होऊ लागली तेव्हा बायकांनी किल्ल्या आणून अमेदेओच्या हातात दिल्या. त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा. त्यानं एका रात्रीपुरत्या त्या घेतल्या. सकाळी दार उघडतो तर बाहेर माणसं मालकापुढं राहावं तशी टोप्या काढून उभी. त्यानं लिहिलं होतं: “कालपर्यंत ही माणसं एकमेकांना विचारत होती, कुणाकडं लेकरं जास्त आहेत. आज कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मला त्या रात्री फार छान झोप लागली होती, याचीच मला भीती वाटली.” त्यानं किल्ल्या दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवल्या आणि तो ढिगारे उपसायला निघून गेला.

“काय म्हणतोय म्हातारा?” शिवकांतानं भाकरी वाढता वाढता विचारलं.

“किल्ली घेऊ नको म्हणतोय.”

“त्याला म्हणावं, तिथनं म्हणायला सोपं हाय. हितं भोंगा बंद झाला तर हुस्नाभाभीच्या घरी काय शिजंल, ते बी लिहून ठेवलंय का त्यानं?”

माणिकप्पानं भाकरीचा तुकडा मोडला. तो मनाशी म्हणाला, मी काही माझ्यासाठी घेत नाही. दुसऱ्यासाठी घेतलेली किल्ली वेगळी.

तो अध्यक्ष झाला. शाल आली, नारळ आला, चहावाल्या लुंबिनीबाईंनी आपली लाल प्लास्टिकची खुर्ची कडुनिंबाखाली आणून ठेवली. माणिकप्पानं पहिलाच नियम सांगितला: भोंग्यामागं ज्याची वस्तू, त्यानं खेप करायचीच. जो टाळेल, त्याची वस्तू रांगेच्या शेवटी जाईल.

नियम लागू पडला. भोंगा पळू लागला, एक खेप चुकेना. माणिकप्पाला समाधान वाटलं. चहा आधी खुर्चीकडं येऊ लागला, याकडं त्याचं फारसं लक्ष गेलं नाही. आधी कुठल्या प्रवाशाचं सामान टपावर टाकायचं आणि कुठलं पायाशी, यावर गाडीवाले आपसात हुज्जत घालून मोकळे होत. आता तेही विचारायला खुर्चीपाशी येत. पुस्तक उघडायला सवड होत नव्हती.

एका दुपारी भोंग्याचा नंबर आला. मागं अजहरचं कुलूप होतं आणि अजहर जागेवर नव्हता. सगळे माणिकप्पाकडं बघू लागले. तो उठला, पितळी कुलूप उचललं आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवलं.

अजहर आला. त्यानं कुलपाकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. माणिकप्पा वाट बघत होता. आता हा अमदेवप्पाच्या नावानं शिव्या देईल, म्हशीची शपथ घेईल, टोपी आपटेल. अजहर काहीच बोलला नाही. गाडी मुकाट्यानं मागं घेऊन लावली आणि आत बसून राहिला. इतक्या वर्षांत अजहर पहिल्यांदा गप्प बसला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका सकाळी, रांगेत भोंगा नव्हता.

माणिकप्पानं संगमेश्वरला बोलावलं. “भोंगा कुठाय?”

“मला काय ठाऊक?”

“तुलाच तो नको होता.”

संगमेश्वरचा चेहरा उतरला. “काका, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची हिंमत ह्या स्टँडवर एकाच माणसाची हाय. आन् ती माझी न्हाई.”

माणिकप्पाला वाटलं, आपल्या पायाखालची जमीन पुन्हा एकदा हलली. तो तसाच चालत सरदारभाईच्या घरी गेला. भोंगा खिडकीत होता, स्वच्छ पुसलेला.

“बैस, माणिक,” सरदारभाई खाटेवरून म्हणाले. “शोधू नको. हुस्नाला पाठवून मीच आणवला.”

“काहून, भाई? खेप चुकली का एखादी?”

“कुठली चुकती! वक्तशीर येत्यात.” सरदारभाई हसले. “पयलं कुणी आलं तर बसायचं. लामजन्याला कोण वारलं, औशाला कुणाची सोयरीक मोडली, रस्त्याला नवा खड्डा कुठं, समदं कळायचं. अजहर तर तासभर उठायचा न्हाई. वाटायचं, पाय गेला पर मी अजून रोडवरच हाय. आता येत्यात, दारातूनच हुस्नाच्या हातात ठेवत्यात आन् म्हणत्यात, अध्यक्षाचा हुकूम हाय. चपला बी काढत न्हाईत.”

हुस्नाभाभी पाणी घेऊन आल्या आणि तांब्या ठेवून आत गेल्या.

“हुकमाची भाकर मला गिळंना, बाबा,” सरदारभाई म्हणाले.

“मग खायचं काय, भाई?”

“ते अध्यक्षानं बिलकुल इचारू नये.”

माणिकप्पा भोंग्याकडं बघत होता. रस्त्याच्या कडेला धुळीत ठेवलेला भोंगा, आणि त्याचा धनी माणिकप्पाच्या आईवरचे दगड उपसताना. त्या माणसाला तेव्हा कुणी हुकूम देऊन तिथं ठेवलं असतं तर तो राहिला असता काय, आणि राहिला असता तर किती वेळ?

“भोंगा द्या, भाई.”

“कुणाला देऊ? अध्यक्षाला, का माणिकला?”

“माणिकला.”

सरदारभाईंनी हात लांब करून भोंगा काढून दिला.

स्टँडवर येऊन माणिकप्पानं आधी खुर्ची उचलली आणि लुंबिनीबाईंच्या हॉटेलात नेऊन ठेवली. “आता काय उभं ऱ्हाणार का अध्यक्ष?” त्या म्हणाल्या. “अध्यक्ष न्हाईत आता, बाई,” तो म्हणाला. मग त्यानं भोंगा रांगेच्या शेवटी ठेवला. गाडीवाले जमले.

“नियम म्या मागं घेतो,” माणिकप्पा म्हणाला. “अजहर, तुझ्या कुलपाला हात लावला, ते चुकलं. संगमेश्वर, तुझ्यावर आळ घेतला, ते बी चुकलं. भोंगा हितं हाय. ज्याला वाटंल त्यानं चालवावा. न वाटंल त्यानं ओलांडून जावं. कुणाला कुणी काय म्हणणार न्हाई.”

“आन् कुणीच न्हाई चालवला तर?” संगमेश्वरनं विचारलं.

“तर न्हाई चालवला.”

आणि तो आपल्या गाडीकडं वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुढच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. रांगेत भोंगा पहिला आला, आणि त्याच्या मागं संगमेश्वरच्या गाडीतली अत्तराची रिकामी बाटली होती. औशाच्या वाटेनं जाणारे प्रवासी पिशव्या घेऊन उभे. संगमेश्वर गाडीची काच पुसत होता. पुसून झालेली काच त्यानं पुन्हा पुसली.

माणिकप्पानं चष्मा लावला आणि पुस्तक उघडलं. किल्ल्या खिळ्याला अडकवून अमदेवप्पा निघून गेला, त्याच्यापुढं काय झालं? लोकांनी पीठ वाटून घेतलं की मारामारी केली? त्यानं पान उलटलं. पुढं नवं प्रकरण सुरू होत होतं. अमेदेओनं ते लिहिलेलंच नव्हतं. बहुधा त्यानं मागं वळून बघितलंच नसावं. माणिकप्पाला मात्र बघावंसं वाटत होतं. ‘संगमेश्वर, अरे बाबा’ एवढे शब्द ओठापर्यंत आले. त्यानं ते गिळले.

“काका,” संगमेश्वरनं हाक मारली. “काय करू?”

माणिकप्पानं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. “मला काय ठाऊक?”

“वा! खुर्ची होती तवा समदं ठाऊक होतं!” संगमेश्वर चिडून म्हणाला. हातातलं फडकं त्यानं बॉनेटवर आपटलं. “हे बरं हाय. अध्यक्ष व्हायचं तवा झाले, मोडायचं तवा मोडलं. आता आमच्या डोक्याला ताप.” तो बडबडत रांगेपाशी आला, वाकला, भोंगा उचलून रांगेच्या शेवटी ठेवला, म्हणजे भोंग्याची खेप निघाली, आणि आपली बाटली होती तिथंच राहू देऊन ओरडला, “चला, औसा, लातूर, लातूर! सरदारभाईची गाडी, बसा लवकर!”

जीप धूळ उडवत गेली. लुंबिनीबाईंनी चहाचं आधण वाढवलं.

संगमेश्वर परत आला तो उन्हं कलल्यावर. एवढ्यात त्याची आणखी एक खेप व्हायला हवी होती. बाटलीचा नंबर येऊन गेला होता.

“कुठं होतास रे?” कुणी विचारलं.

“कुठं म्हंजे? म्हातारा सोडंना की! चहा पी म्हणला, मग शेंगा खा म्हणला. मग त्र्याण्णव सालचं काढलं. औशाहून निघाला ते हितं पोचेपर्यंत मला समदा रस्ता ऐकवला, तेबी वळणावळणासगट.” संगमेश्वरनं आपली बाटली उचलली, कुणी न सांगता रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली, आणि लुंबिनीबाईंच्या बाकड्यावर बसकण मारली. खिशातून शेंगा काढून त्यानं शेजारच्यापुढं धरल्या. “भाभीनं बांधून दिल्यात.”

माणिकप्पानं पुस्तक मिटलं. त्याला बरंच काही बोलावंसं वाटत होतं, पण तेवढ्यात मागून कर्कश हॉर्न वाजला. अजहर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

“ए माजी अध्यक्ष! आडवी गाडी लावून काय पुस्तक वाचत बसलास? घे मागं! का इटलीहून हुकूम यावा लागतो?”

“घेतो की रे,” माणिकप्पा म्हणाला, “वरडतो कशाला?” आणि घाईघाईनं चष्मा खिशात टाकून तो गाडीकडं निघाला.